अर्धी गोळी माझी, अर्धी सुमनची

औषधाची गोळी अडकित्त्यात धरून कापणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, रोज आरशात दिसते. आता तिचे केस पांढरे झालेत आणि थोडी अक्कल आलीय. पण तेव्हा, साठी नुकतीच ओलांडलेली असताना, ही बाई स्वतःला फार हुशार समजायची. सासूबाईंचा पितळी अडकित्ता, त्यात पांढरी गोळी, खट्. एक तुकडा माझ्या तळहातावर, एक माझ्या धाकट्या जावेच्या, सुमनच्या. मग दुसऱ्या बाटलीतली गोळी, पुन्हा खट्. दवाखान्यातून दोघींना एकेक बाटली मिळालेली. काही बाटल्यांत औषध होतं, काहींत तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालंय ते कुणालाच सांगत नव्हते. म्हणून मी ठरवलं, दोघींनी दोन्हीतलं अर्धं अर्धं घ्यायचं, म्हणजे कुणाचंच नुकसान नको. एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांना एवढं साधं कसं सुचलं नाही, असं मला मनापासून वाटलं होतं.

मनाच्या आजारावरच्या नव्या औषधांच्या चाचणीसाठी माणसं लागतात, आणि ती कुठूनतरी जमवावी लागतात. आमच्या भागातून मी जमवली गेले, आणि मग मी सुमनला जमवलं. उद्या तुमच्यासमोर कुणी मुलगी कागद घेऊन बसली तर घाबरून पळू नका. पण माझ्यासारखं डोकंही चालवू नका. एवढ्यासाठीच हे लिहितेय.

माझं दुःख खरं

आमचं घर निघोज्यात. शेतं कंपनीत गेली, तेव्हा आलेल्या पैशांतून दोघा भावांनी एकच इमारत बांधली. डावी बाजू आमची, उजवी धाकट्या दिरांची. वरच्या मजल्यांवर खोल्या, त्यात चाकणच्या कंपन्यांत कामाला येणारी पोरं भाड्यानं. वाटण्या झाल्या, पण सुमनची आमटी माझ्या ताटात आणि माझी भाकरी तिच्या ताटात हे काही थांबलं नाही.

माझे मालक अचानक गेले. सकाळी दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यानंतर माझं जेवण सुटलं, झोप सुटली. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही. आल्यागेल्यानं मला जवळ घेतलं. नवरा गेलाय, रडणारच की.

सुमन माझ्याआधीपासून आजारी होती. पण तिच्याकडे सांगायला कारण नव्हतं. तिला बायका तोंडावर म्हणायच्या, “काय कमी हाय गं तुला? खोल्यांचं भाडं येतंय, ल्योक पर्मनंट झालाय, नवरा चहाशिवाय कशाला शिवत न्हाई.”

“तेच तर कळंना,” ती म्हणायची आणि पदराच्या टोकाला पीळ देत बसायची.

खोटं कशाला बोलू, मलाही मनात तेच वाटायचं. माझं दुःख खरं, हिचं नखरा. थोरली जाऊ होते ना. आजारातही थोरलेपण सोडलं नाही मी.

वजन फार उतरलं म्हणून मुलानं मला पिंपरीच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटाच्या डॉक्टरनं तपासून मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी पाटी वाचली आणि जिन्यातच बसकण मारली. “मला येड लागलंय व्हय रं?” मुलाला विचारलं. तो बिचारा मोबाइलमध्ये बघत राहिला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एकच विचारलं, “मावशी, शेवटचं कधी हसलात?” मी आठवायला लागले. मालक होते तेव्हाचं काहीतरी आठवलं, मग ते आठवतंय म्हणून रडायला लागले, ते थांबेचना. त्यांनी सांगितलं, डिप्रेशन आहे.

“ते शहरातल्या लोकांना होतं ना?” मी म्हटलं.

“मावशी, निघोजं आता कुठं खेडं राहिलंय?” ते म्हणाले.

भरती

बाहेरच्या बाकावर प्राजक्ता भेटली. लातूरकडची पोर, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडं एका नव्या औषधाचा अभ्यास आहे. त्यासाठी भरती चालू आहे.”

आमच्याकडे भरती म्हटलं की कंपनीच्या गेटवरचा फलक. मी म्हटलं, “बाई, माझं शिक्षण सातवी, आन् ह्या वयात मला कोण घेतंय?”

ती हसली. मग नीट समजावलं. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. ते तिलाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही नसतं. नको असेल तर नाही म्हणा, नेहमीचं औषध आहेच. मधूनच सोडायचं असेल तर सोडा, कुणी रागावणार नाही. हे सगळं नियमाप्रमाणे कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलं आणि मधे मधे विचारलं, “कळलं का मावशी? घाई करू नगा.”

मी मान हलवली. कळलं काय होतं? ट्रायल म्हणाली ती. ट्रायल म्हणजे आमच्या भाडेकरू पोरांना कंपनीत आधी ट्रायलवर घेतात, नीट काम केलं तर पर्मनंट करतात, ते. मला वाटलं, आपण शहाण्यासारखं वागलो तर आपल्याला खरं औषध पर्मनंट मिळणार.

एक मात्र खरं सांगते. मी तिथं औषधासाठी गेले नाही. पहिल्या भेटीत प्राजक्तानं मला विचारलं, झोप लागते का, रात्री किती वेळा जाग येते, जेवावंसं वाटतं का, आणि मी उत्तर देईपर्यंत ती थांबली. घरात कुणी असं थांबत नव्हतं. त्या थांबण्यासाठी मी दोन रिक्षा बदलून गेले असते, आणि गेलेच.

मग एकदा ती म्हणाली, “ओळखीत कुणाला असा त्रास असेल तर सांगा. माणसं भरत नाहीत, अभ्यासाचे मोठे सर मागं लागलेत. फक्त एका घरातली दोघं चालत नाहीत.”

“माझी जाऊ हाय,” मी लगेच म्हटलं. “पण घर वेगळं. मीटर वेगळा, रेशनकार्ड वेगळं, कवाच वाटण्या झाल्यात.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. प्राजक्तानं सरांना विचारलं, सरांनी मीटरचं विचारलं, आणि सुमनचं नाव लागलं. एका घरातली दोघं का चालत नाहीत, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अडकित्ता घरी होताच, त्यामुळे ते कारण पुढं कळलंच.

पहिल्या दिवशी सुमनला घेऊन जाताना मी रिक्षात तिला शिकवत होते. आमच्या वरच्या खोल्यांतली पोरं कंपनीच्या मेडिकलला जायच्या आधी हेच करतात. कमी ऐकू येतं ते सांगायचं नाही, पाठ दुखते ते सांगायचं नाही. भरतीच्या मेडिकलला खरं कोण सांगतं? प्राजक्तानं मला सांगितलं होतं की ज्यांच्या मनात मरणाचे विचार असतात त्यांना आम्ही यात घेत नाही, कारण त्यांना लगेच वेगळे उपचार लागतात. त्यातलं ‘घेत नाही’ एवढंच माझ्या कानात शिरलं.

सुमन म्हणाली, “त्यांनी इचारलं, मरावंसं वाटतं का, तर काय सांगू?”

“न्हाई म्हनायचं.”

“आन् वाटत असलं तर?”

“तरी न्हाई म्हनायचं. नाव कापत्याल.”

ती रिक्षाच्या बाहेर बघत राहिली. तळवड्याची ट्रकांची रांग लागली होती. मग म्हणाली, “बरं.”

मी तिला विचारलं नाही, सुमे, तुला वाटतं का गं. तेवढं विचारायला काही शिक्षण लागत नव्हतं.

खट्

आमच्या सासूबाईंचा नियम होता. घरात आलेल्या वस्तूचे दोन सारखे भाग. लुगडं आलं तर दोन, आंबे आले तर मोजून निम्मे, शिव्या असल्या तरी दोघींना सारख्या. कापणारीनं तुकडा नंतर उचलायचा, म्हणजे लबाडी नको. त्या गेल्या, पण जावांच्या हाताला ती सवय राहिली. त्यामुळे गोळ्या वाटून घेण्यात काही वावगं आहे असं आमच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी सुमन तिची बाटली घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायची. मी कापायची, ती आधी उचलायची. दवाखान्यात उरलेल्या गोळ्या मोजून घेत, त्या बरोबर भरायच्या. प्राजक्ता म्हणायची, “शाब्बास, तुमच्या दोघींसारखे पेशंट सगळे असते तर.” मी छाती फुगवून घरी यायची.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. गोळीवरचं पांढरं पांघरूण कापलं की आतली चव जिभेला लागते. एक अर्धी कडू लागायची, चांगली कडूजहर. दुसरी खडूसारखी, थोडी गोडूस. कडू होती ती सुमनच्या बाटलीतली.

मी स्वतःला सांगितलं, अडकित्त्याला काथ लागलेला असेल. मी तो अडकित्ता राखेनं घासला, चिंचेनं घासला. कडू ती कडूच लागली. मग मी चवीकडे लक्ष देणं सोडलं, पण गोळी घेणं सोडलं नाही.

आणि मला बरं वाटायला लागलं. हळूहळू, पण लागलं. भाजीत मीठ पडायला लागलं. पहाटे कंपनीच्या बसचा भोंगा ऐकून आधी छातीत धस्स व्हायचं, ते कमी झालं. एकदा वरच्या खोलीतल्या पोरानं युनिफॉर्मची पँट वाळत घातली होती, ती वाऱ्यानं उडून खालून चाललेल्या भाजीवाल्याच्या डोक्यावर पडली. तो पँटीच्या आतून ओरडत राहिला, “कोन हाय रं?” मी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सुमन शेजारीच उभी होती. ती त्या भाजीवाल्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. बराच वेळ.

तिचं मात्र उतरत चाललं होतं. दूध उतू जायचं आणि ती समोर उभी राहून बघायची. केस विंचरायचं विसरायची. मी तिची वेणी घालायला घेतली की मान सुद्धा धरायची नाही. पण संध्याकाळी बाटली घेऊन यायचं ती कधी विसरली नाही.

दवाखान्यात प्राजक्ता विचारायची, “जगणं नको असं वाटतं का, काकू?” सुमन माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “न्हाई.” माझी शिकवणी चांगली झाली होती.

पूल

एका सकाळी ती घरात नव्हती. चपला दारात होत्या.

भाऊजी, म्हणजे माझे दीर, मोटारसायकल घेऊन एकीकडे, त्यांचा मुलगा दीपक दुसरीकडे. मी दारात उभी होते आणि मला सारखी ती रिक्षा आठवत होती. तरी न्हाई म्हनायचं.

फोन आला तो पंक्चर काढणाऱ्या अन्वरभाईंचा. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे त्यांचं दुकान. त्यांनी तिला पुलावर अनवाणी उभी असलेली पाहिली होती. हातातलं टायर टाकून ते गेले, आणि आरडाओरडा न करता तिला म्हणाले, वहिनी, ऊन लागतंय, सावलीत या. ती आली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती त्यांच्या लोखंडी स्टुलावर बसली होती, हातात चहाचा ग्लास. अन्वरभाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “काय विचारू नका त्यांना आत्ता. निम्मा चहा घेतलाय. उरलेला घेऊ द्या.”

त्या माणसाचं आमच्या घरावर किती ऋण आहे ते मी सांगत बसत नाही. गाडी पंक्चर नसली तरी भाऊजी आजही तिथं हवा भरायला थांबतात.

रिकामे हात

सुमनला दाखल केलं. मनाच्या आजारांच्या त्या वॉर्डात आत जाताना अंगावरचं सगळं काढून घेतात. परकराची नाडी, मंगळसूत्र, पिना. आणि काचेच्या बांगड्या. नर्सनं साबण लावून एकेक बांगडी हळू काढली, तुटू दिली नाही. पण नवरा समोर उभा आणि बाईचे हात मोकळे, हे आमच्या डोळ्यांना कधी दिसलेलं नाही. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सुमनला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाहेर बाकावर मी प्राजक्ताला सगळं सांगितलं. अडकित्ता, रिक्षा, सगळं. चव सोडून. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

“मावशी, मी दर वेळी विचारत होते ना?”

“व्हय.”

“मग मला का सांगितलं नाही? मी कोण होते तुमची, कंपनीची साहेब?”

ती तशीच उठून सरांकडे गेली. अशा वेळी कुणाला काय दिलं होतं ते उघड करता येतं. डॉक्टरांनी मला आणि भाऊजींना आत बोलावलं. सुमनच्या बाटलीत खरं औषध होतं. माझ्या बाटलीत काही नव्हतं.

म्हणजे तिच्या औषधातलं निम्मं मी खाल्लं होतं, आणि बदल्यात तिला निम्मं पीठ दिलं होतं.

मी विचारलं, “तिनं पुरी गोळी घेतली असती तर?” डॉक्टर म्हणाले, “ते कुणीच सांगू शकत नाही, मावशी. कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित पडला असता.” त्यांनी मला सावरायला तसं सांगितलं. पण ‘कदाचित’ हा शब्द माझ्याबरोबर घरी आला आणि अजून घरातच आहे.

आम्हा दोघींची नावं अभ्यासातून काढली. प्राजक्ताला वरून बोलणी बसली. काही दिवसांनी तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी दिसली. कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही.

दीपकचं लग्न ठरलं होतं. मुलीकडची माणसं दवाखान्यात भेटायला आली, सफरचंदं घेऊन, गोड बोलून गेली. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही म्हणाले. दीपक माझ्या दारात आला. आत आला नाही.

“अक्का, तुमी काय दिवस आमच्याकडं येऊ नका.”

“बरं,” मी म्हटलं. सुमन रिक्षात म्हणाली होती तसंच.

मग किती तरी महिने डावी बाजू आणि उजवी बाजू खरोखरच वेगळी झाली. मीटर वेगळा, रेशनकार्ड वेगळं, आमटीही वेगळी. मी माझं नेहमीच्या औषधावर चालू ठेवलं, पुरी गोळी, पाण्याबरोबर. भिंतीपलीकडे सुमन कधी खोकते, कधी भांडं पाडते, ते ऐकत मी बसायची. भांडं पडलं की बरं वाटायचं. कुणीतरी स्वयंपाकघरात उभं आहे म्हणजे.

गच्चीवर

तिला बरं व्हायला फार वेळ लागला. पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसरं पडलं. आता ती चालती बोलती आहे, तरी पहिल्यासारखी नाही. बोलताना मधेच थांबते, शब्द शोधते. दीपकचं लग्न पुढं झालं, मुलगी चांगली मिळाली, पण आईच्या आजाराचं भाऊजींनी आधी सांगितलं होतं आणि तीन ठिकाणी नकार घेऊन मगच हे जुळलं. सून आली तेव्हा तिनंच मला हाक मारून आत नेलं. घरातल्या जुन्या भांडणाची तिला काय पडलेली.

जे या आजारातून जात आहेत त्यांना मी काय सांगणार? तुम्हाला जे विचारतात ते भरतीचं मेडिकल नाही. नाव कापलं गेलं तरी चालेल, खरं सांगा. आणि तुमच्या घरातलं कुणी ‘बरं’ म्हणून बाहेर बघायला लागलं तर रिक्षा थांबवा.

परवा आम्ही दोघी गच्चीवर गहू निवडत होतो. सुमनच्या हातात पुन्हा हिरव्या बांगड्या आहेत, थोड्या सैल होतात. मालक जाऊन इतकी वर्षं झाली, माझी नातवंडं मोठी झाली, आणि एक गोष्ट माझ्या पोटात तशीच होती. मी सुपातून डोकं वर न काढता सांगून टाकलं. सुमे, तुझ्या बाटलीतली कडू लागायची. मला लागायची कडू. मी अडकित्त्यावर ढकललं.

ती गव्हातला खडा काढून बाजूला ठेवत राहिली. मला वाटलं, शब्द शोधतेय. मग म्हणाली,

“कडू माझीच हुती, ते मला पयल्याच दिशी कळलं हुतं, अक्का. पण तुमी हसाया लागला हुता.”